‘भो’ गळून पडला की…

प्रश्न : मी मूळचा पुण्याचा, नोकरीमुळे तीन वर्षांपासून जळगावात आहे. इथे आल्यावर पक्षी बघायचा नाद लागला आणि एका हौशी मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटात सामील झालो. गेल्या महिन्यात सातपुड्यातल्या पालच्या रानात गेलो असताना भरदिवसा सागाच्या वाळक्या फांदीवर बसलेला पिंगळा दिसला. ‘रानपिंगळा!’ असं लिहून फोटो टाकला. पंधरा-वीस अंगठे आले, ‘अप्रतिम सर’, ‘अभिनंदन’ वगैरे झालं. मग गटातले सगळ्यांत जुने पक्षीनिरीक्षक, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांनी लिहिलं : ‘चूक. साधा पिंगळा. आधी डोकं बघायला शिका.’ त्यावर गटात दोन तट पडले. एकांचं म्हणणं, हा छंद आहे, परीक्षा नाही, जरा गोड बोलायला काय जातं? दुसऱ्यांचं म्हणणं, चूक ती चूक. मी गप्प आहे. छंदाच्या ठिकाणी माणसानं गोड बोलावं की रोखठोक? खान्देशात सगळे असंच बोलतात का? खरं सांगायचं तर गट सोडावा असं मनात येतंय.
– एक वाचक, जळगाव

उत्तर : आधी पक्ष्याचा निकाल लावू, म्हणजे माणसांकडे निवांत वळता येईल. तुम्ही पत्रासोबत फोटो पाठवलात ते बरं केलंत. डोक्यावर पांढरे ठिपके आहेत, पाठीवरही आहेत, छातीवर तुटक तपकिरी पट्टे आहेत. हा आपला नेहमीचा, वडा-पिंपळाच्या ढोलीत राहणारा पिंगळा. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं, ठिपके असलेच तर अगदी फिकट. छातीवर गडद तपकिरी रंगाचा सलग पट्टा, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, शेपटीवर आणि पंखांवर रुंद ठसठशीत पट्टे, पाय पिसांनी भरलेले आणि पंजे दांडगे. तो दिवसा उजेडी उघड्या फांदीवर बसतो हे तुम्ही वाचलेलं दिसतं, आणि त्यानंच तुमचा घात केला. साधा पिंगळाही हिवाळ्यात ऊन खायला बाहेर येऊन बसतोच. थोडक्यात, अण्णा बरोबर आहेत.

आता ‘आधी डोकं बघायला शिका’ हे वाक्य. अण्णांनी कुणाचं डोकं म्हटलं, पक्ष्याचं की तुमचं, यावर तुमचा गट चार दिवस भांडला असेल तर नवल नाही. माझा अंदाज, त्यांना पक्ष्याचंच डोकं म्हणायचं होतं. पण तुम्हाला ते लागलं. का लागलं, ते समजायला खान्देशी बोलण्याकडे जावं लागेल.

पुण्याहून किंवा मुंबईहून इकडे बदलीवर आलेल्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली : ‘इथले लोक अंगावर येतात हो.’ दुकानदार ‘काय पाहिजे?’ म्हणतो, ‘काय हवंय आपल्याला?’ म्हणत नाही. रिक्षावाला ‘बस’ म्हणतो, ‘बसा’ नाही. धुळे, नंदुरबार आणि जळगावचा अमळनेर-पारोळा-चाळीसगावचा पट्टा अहिराणीचा. तिथे ‘मी करस, तू करस, तो करस’, तिघांनाही क्रियापद एकच. करणारा कोण, मोठा की धाकटा, याची नोंद क्रियापद ठेवत नाही. जळगावच्या पूर्वेला, यावल-रावेर-भुसावळकडे लेवा बोली. तीही काही मखमलीत गुंडाळून येत नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंच्या कविता ज्यांनी वाचल्यात त्यांना माहीत आहे, त्या बोलीत संसाराबद्दल, मरणाबद्दल, माणसाच्या स्वार्थाबद्दल कसं थेट बोलता येतं.

पण ज्याला तुम्ही उद्धटपणा म्हणता त्या बोलण्याच्या शेपटीला इथे एक बारकासा शब्द लटकलेला असतो : ‘भो’. भाऊचा भो. ‘काय चाली ऱ्हायनं भो?’ ‘आरे भो, हाऊ ते साधा पिंगळा शे!’ जळगावात हेच ‘अरे भो, हा तं साधा पिंगळा आहे’ असं होईल. ‘चूक’ हा निकाल तोच, पण ‘भो’ आला की निकाल देणारा न्यायाधीशाच्या खुर्चीवरून उतरून तुमच्या शेजारी बाकावर येऊन बसतो. पुणेरी पाटीचं याच्या बरोबर उलट असतं. तिथे ‘आपण’, ‘कृपया’, ‘विनंती’ सगळं जागच्या जागी असतं आणि वाचणाऱ्याचा पाणउताराही पुरेपूर होतो. तुम्ही मूळचे पुण्याचे, तेव्हा तुम्हाला हे मी सांगायला नको. आदरार्थी बहुवचन म्हणजे आदर नव्हे, आणि एकवचन म्हणजे अपमान नव्हे, हे मराठी माणसाला तसं ठाऊक असतं. नेमकं आपल्या अंगावर आलं की विसरायला होतं.

समोरासमोर या ‘भो’ला साथीदारही पुष्कळ असतात. अण्णा तुमच्या पाठीवर थाप मारतात, दुर्बीण तुमच्या हातात देतात, ‘परत बघ’ म्हणतात. मग टपरीवर चहा होतो, चहाचे पैसे बहुधा तेच देतात. फोनवर लिहिताना अंगठा कंटाळा करतो. ‘आरे’ जातं, ‘भो’ जातो, थाप आणि चहा तर जातोच. उरतात ती तीन वाक्यं, हाडांसारखी. शिवाय लेखी मराठीत ‘शिका’ असं आदरार्थी लिहावं लागतं, त्यामुळे त्यात शाळेच्या शेरेपुस्तकाचा वास येतो. अण्णा तोंडानं बोलले असते तर ‘आधी डोकं बघत जाय रे भो’ म्हणाले असते आणि तुम्ही हसून डोकं बघितलं असतं.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : होय, बरेचजण असं बोलतात, पण असं लिहिण्याइतके रुक्ष ते नसतात.

पहिला प्रश्न जड आहे, आणि योग असा की तुम्ही ज्या पक्ष्याच्या निमित्तानं तो विचारलात त्याच पक्ष्याच्या गोष्टीत त्याचं उत्तर दडलंय. रानपिंगळा हा हौशी लोकांच्या भिडेमुळे आणि सभ्यपणामुळे हरवलेला पक्षी आहे. अतिशयोक्ती थोडी आहे, फार नाही.

या पक्ष्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन 1873 साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी केलं. होय, तेच ह्यूम, ज्यांचं नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात पाठ केलं. छत्तीसगडच्या बाजूला ब्लूइट नावाच्या गृहस्थांना तो सापडला होता, म्हणून शास्त्रीय नावात ‘ब्लूइटी’ आलं. ह्यूम शिमल्याला बसून ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं नियतकालिक काढत. देशभरातले कलेक्टर, लष्करी अधिकारी, वनाधिकारी, मळेवाले, ज्यांना पक्ष्यांचा नाद होता ते सगळे त्यात लिहीत. तुमच्या गटाचाच हा पूर्वज समजा, फरक एवढाच की निरोप टपालानं जायचा आणि ‘चूक’ असं उत्तर यायला महिने लागायचे. ह्यूम यांची लेखणी धारदार होती. फिन्श या जर्मन पंडितानं पोपटांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात सरसकट नावं बदलली, तेव्हा ह्यूम यांनी त्याची अशी खिल्ली उडवली की नाव बदलून पक्ष्यावर मालकी सांगणं सोपं, रानात जाऊन तो शोधणं अवघड. लोक त्यांना हिंदी पक्षीशास्त्राचा पोप म्हणत. त्यात कौतुक होतं आणि थोडी चीडही असावी.

त्या मंडळात एक होते जेम्स डेव्हिडसन, मुलकी सेवेतले अधिकारी, पश्चिम खान्देशात नेमणूक. 1882 साली त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये पश्चिम खान्देशातल्या पक्ष्यांची एक लांबलचक यादी छापली. शीर्षकातच त्यांनी तिला ‘कच्ची यादी’ म्हटलं. हा शब्द मला आवडतो. आपल्या गटांत कच्ची यादी कुणी टाकत नाही, सगळ्यांच्या याद्या पक्क्या. तर या डेव्हिडसनना शहादा-तळोद्याच्या परिसरात रानपिंगळा सापडला, एकदा नव्हे, अनेकदा. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी पक्षी मारून, कातड्या भरून, चिठ्ठ्या बांधून ठेवल्या. त्यांतल्या काही पुढे लंडनच्या संग्रहालयात पोचल्या. 1884 नंतर मात्र हा पक्षी कुणालाच दिसला नाही.

आता या गोष्टीत रिचर्ड माइनर्ट्झहागेन शिरतात. ब्रिटिश कर्नल, हेर, शिकारी आणि पक्ष्यांचे मोठे संग्राहक. त्यांच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिलेलं : 1914, मांडवी. ही मांडवी सुरत जिल्ह्यातली, तापीच्या काठची. आपल्या जळगाव-धुळ्याहून वाहत जाणारी नदीच ती, फक्त बरीच खाली. झालं, रानपिंगळ्याचा सगळ्यांत ताजा पुरावा म्हणजे ही चिठ्ठी, तेव्हा ज्यांना तो शोधायचा होता ते पुढची कित्येक दशकं मांडवीच्या आसपास भटकत राहिले. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारखे जाणकारही त्यात होते. पक्षी काही मिळाला नाही. मिळणार कसा? तो तिथून आलेलाच नव्हता.

तो पक्षी डेव्हिडसननी खान्देशात गोळा केला होता. संग्रहालयातून तो चोरीला गेला, पुन्हा भरला गेला, पुन्हा शिवला गेला, आणि त्यावर नवी चिठ्ठी बांधली गेली. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीशास्त्रज्ञांनी 1999 साली ते शास्त्रीय नियतकालिकात पुराव्यांसह मांडलं. क्ष-किरणांखाली आतली जुनी भरणी आणि टाके बघितले तर हात डेव्हिडसनचा निघाला. कातडं भरण्याची प्रत्येकाची आपली एक ढब असते, शिंप्याची काज-बटणाची असते तशी.

मला यात खरी गंमत, किंवा खरी कीव वाटते ती पुढच्या गोष्टीची. माइनर्ट्झहागेन चोरी करतात हे लोकांना माहीत नव्हतं असं नाही. 1919 साली परवानगीशिवाय नमुने नेल्याबद्दल लंडनच्या संग्रहालयानं त्यांना पक्षी विभागात दीड वर्ष बंदी घातली होती. पुढची तीस-एक वर्षं कर्मचाऱ्यांच्या कागदांत संशय नोंदला जात होता, दोनदा तर प्रकरण खटल्यापर्यंत आलं आणि थांबलं. शार्ल व्होरी हे नामवंत पक्षीतज्ज्ञ, त्यांनी या माणसाच्या संग्रहात चोरीचे नमुने आहेत असं शपथेवर सांगायची तयारी दाखवली, पण ती खासगी पत्रात. छापून, चारचौघांत, नाव घेऊन बोलायला कुणी तयार नव्हतं. कर्नल साहेब, मोठ्या घराण्यातले, मोठ्या ओळखीचे. असल्या माणसाच्या चिठ्ठीवर ‘चूक’ कसं लिहायचं? ते 1967 मध्ये वारले, आणि पक्षीतज्ज्ञ ॲलन नॉक्स यांनी त्यांच्या नमुन्यांबद्दल छापून लिहायला 1993 उजाडलं. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भिकेला लागला तो पक्षी, आणि त्याला शोधणारे.

मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी मांडवीची चिठ्ठी बाजूला ठेवली आणि ज्यांच्यावर भरवसा ठेवता येईल अशा जुन्या चिठ्ठ्यांच्या ठिकाणी जायचं ठरवलं. आधी पूर्वेकडे छत्तीसगड-ओडिशाच्या बाजूला शोधलं, काही नाही. मग शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला आले. 25 नोव्हेंबर 1997 ला सकाळी एक पिंगळा उघड्या फांदीवर बसलेला दिसला, आणि त्याच्या डोक्यावर ठिपके नव्हते! 113 वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो 1 जुलै 1998 ला, म्हणजे पक्षी सापडल्यावर सात महिन्यांनी. धुळेकरांनी या पक्ष्यावर आपला हक्क सांगायला हरकत नाही, आणि मी धुळ्याचा असल्यामुळे सांगूनच टाकतो. पुढे तो यावलच्या अभयारण्यात, मेळघाटात, अगदी मुंबईजवळ तानसाच्या रानातही आढळला. त्यामुळे तुम्ही पालच्या रानात त्याची आशा धरलीत यात काही वेडेपणा नाही.

आता कळलं ना, ‘चूक. साधा पिंगळा’ हे शब्द लिहिले गेले म्हणून मी अण्णांवर मनातून का खूश आहे ते? चुकीची चिठ्ठी एकदा रुजली की लोक चुकीच्या रानात हिंडतात. तुमचा फोटो आज गटात आहे, उद्या कुणी तो ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवला तर तिथे दुर्मिळ पक्ष्याची नोंद म्हणून जाईल. तिथे नोंदी तपासणारे स्वयंसेवक असतात, शंका आली की फोटो आणि तपशील मागतात. बरेचजण त्या मागणीनंच रुसतात. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ नाही, भाऊ. तुमच्यावर आहे, पिंगळ्यावर नाही.

आणि मला खरा राग आहे तो त्या पंधरा-वीस अंगठ्यांचा. ‘अप्रतिम सर’ लिहिणाऱ्यांतल्या किती जणांनी फोटो मोठा करून बघितला असेल? डोक्यावरचे ठिपके तर सहज दिसताहेत. तुमच्या फोटोकडे नीट बघितलं ते एकट्या अण्णांनी. तुमच्या हौसेला त्यांनी गांभीर्यानं घेतलं. बाकीच्यांनी लग्नात आहेर द्यावा तसा अंगठा दिला. हा आपल्याकडचा नवा शिष्टाचार. पिंगळा जोशी नाही का, पहाटे अंधारात कंदील घेऊन दारात येतो, पिंगळ्याची भाषा आपल्याला कळते म्हणून सांगतो आणि बहुतेक वेळा घरधन्याचं भलंच होणार असल्याचं भाकीत करून सूप भरून धान्य घेऊन जातो. बिचारा त्यावर पोट भरतो म्हणून त्याला माफ. पक्षीनिरीक्षकानं पिंगळा जोशी होऊ नये.

एवढं झाल्यावर अण्णा बरोबर, विषय संपला असं म्हणून मी थांबलो असतो. पण एक फार महत्त्वाची गोष्ट राहते, आणि ती तुमच्या गटातल्या ‘चूक ती चूक’वाल्यांना टोचेल. माइनर्ट्झहागेन स्वतः मृदुभाषी मुळीच नव्हते. ते आणि सलीम अली 1937 साली अफगाणिस्तानात एकत्र पक्षी बघायला गेले होते. त्या प्रवासातल्या डायरीत त्यांनी सलीम अलींबद्दल आणि एकूणच हिंदी माणसांबद्दल जे लिहिलं ते चांगलंच झोंबणारं होतं. सलीम अलींनी ते पुढे स्वतःच्या आत्मचरित्रात छापलं, मजेनं. म्हणजे तोंडाळपणा करण्याची मुभा कर्नलना होती, त्यांना तोंडावर ‘तुमची चिठ्ठी खोटी’ म्हणण्याची मुभा मात्र कुणाला नव्हती. स्पष्टवक्तेपणा जिना फक्त उतरत होता, चढत नव्हता.

तेव्हा अण्णांचं वाक्य तासण्यापेक्षा तुमच्या गटाची ही परीक्षा घ्या : अण्णांनी उद्या एखादा शिक्रा ससाणा म्हणून टाकला, तर गटातला सगळ्यांत नवा पोरगा ‘चूक, शिक्रा आहे’ असं लिहू शकेल का? आणि लिहिलं तर अण्णा काय म्हणतील? ‘खरंय भो, घाईत झालं’ म्हणाले, तर त्यांचा फटकळपणा हवा तेवढा चालेल, गट निरोगी आहे. ‘कालची पोरं मला शिकवताहेत’ म्हणाले, तर तो रोखठोकपणा नव्हता, ती फक्त ज्येष्ठता होती. याची चाचणी मुद्दाम करू नका, अण्णा कधीतरी चुकतीलच. शिक्रा सगळ्यांनाच फसवतो.

आमच्या धुळ्यात या विषयावरचा सगळ्यांत मोठा माणूस राहून गेला. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड त्यांनी काढले, पहिला 1898 साली. गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं उतरवून. आज ज्याला आपण छंद म्हणतो तो त्यांच्यात इतका शिगेला पोचला होता की नोकरी, संसार, पैसा, कशाचीच फिकीर उरली नाही. आणि तोंड? परखड हा शब्द मराठीत राजवाड्यांसाठीच तयार झाला असावा. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफच्या चुका काढताना त्यांनी जो सूर लावला तो आजही वाचताना दचकवतो. 1910 साली त्यांनी पुण्यात सरदार खंडेराव मेहेंदळ्यांसोबत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापलं आणि पुढे त्या मंडळाशीच त्यांचं बिनसलं. अखेरच्या काळात ते धुळ्याला आले आणि 31 डिसेंबर 1926 ला इथेच वारले. इथल्या भास्कर वामन भटांसारख्या मंडळींनी 1927 मध्ये त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं केलं, त्यांचे कागद सांभाळले, ‘संशोधक’ नावाचं त्रैमासिक चालवलं.

राजवाडे बरोबर होते म्हणून मोठे झाले असं सरळ गणित नाही. त्यांची कित्येक मतं पुढच्या अभ्यासकांनी खोडून काढली. त्यांचं कौतुक असं की ते पुराव्याशिवाय बोलत नसत, म्हणून त्यांना खोडायलाही पुरावा आणावा लागे. पण अशा माणसासोबत काम करायचं तर बाजूला भटांसारखा एखादा लागतो, जो फटके सहन करतो, दप्तरं लावून ठेवतो, चहाचं बघतो. धुळ्यातच त्या काळात शंकर श्रीकृष्ण देव होते, समर्थ वाङ्मयाचे संग्राहक. 1893 ची सत्कार्योत्तेजक सभा त्यांची. त्यांचा पिंड भक्ताचा, मठोमठी हिंडून हस्तलिखितं मिळवण्याचा. मठाधिपतीकडून पोथी काढून घ्यायची तर परखडपणा घरी ठेवावा लागतो. दोन्ही माणसं एका गावात, एकाच प्रकारच्या वेडानं झपाटलेली, आणि दोघांची तऱ्हा वेगळी. संग्रहासाठी देवांची जीभ, छाननीसाठी राजवाड्यांची. तुमच्या गटात अण्णांना दोन्ही कामं एकट्यानं करावी लागत असतील, तर त्यांची थोडी दया करा.

उलट बाजूचं उदाहरण मात्र तुमच्याच गावचं, जळगावचं. 1907 साली तिथे महाराष्ट्र कवि-संमेलन भरलं होतं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर. धरणगावचा जन्म असलेला एक सतरा वर्षांचा मुलगा, त्र्यंबक बापूजी ठोमरे, तिथे उठून कविता म्हणाला. अध्यक्षांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं आणि ते नाव त्याला जन्मभर पुरलं, त्यानंतरही पुरलं. कुणीतरी त्या दिवशी त्याला ‘यमक चुकलं, आधी वृत्तं शिक’ म्हणालं असतं तर? कदाचित काही झालं नसतं, खरा कवी असल्या वाक्यानं थांबत नाही. पण कदाचित झालंही असतं.

गंमत म्हणजे हे कीर्तिकर वनस्पतिशास्त्राचेही जाणकार. बसू यांच्यासोबतचा त्यांचा हिंदी औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ 1918 मध्ये निघाला. वनस्पती ओळखताना ते पोराला ‘बालवनस्पतिशास्त्रज्ञ’ म्हणून सोडून देत असतील असं मला वाटत नाही. पाकळ्या मोजायला लावत असतील. कवितेला चिठ्ठी बांधायची नसते, वनस्पतीला बांधायची असते. माणसाच्या उमेदीबद्दल बोलताना कीर्तिकर संमेलनाचे अध्यक्ष व्हायचे, नमुन्याबद्दल बोलताना ग्रंथाचे लेखक, असं मी मनाशी ठरवून टाकलंय.

तुमच्या प्रकरणात घोटाळा एवढाच झाला की अण्णांच्या तीन वाक्यांतली पहिली दोन नमुन्याबद्दल होती आणि तिसरं तुमच्याबद्दल. ‘चूक. साधा पिंगळा’ इथपर्यंत ते ह्यूम होते. ‘बघायला शिका’ म्हटल्यावर शाळामास्तर झाले. त्याऐवजी ‘डोक्यावर ठिपके दिसताहेत का बघा बरं’ एवढं लिहिलं असतं, तर काम तेच झालं असतं. प्रश्नानं माणूस परत फोटोकडे जातो, शेऱ्यानं स्वतःकडे जातो आणि मग फोटो राहतो बाजूला. माझ्या स्वतःच्या बाबतीत एकदा हे झालंय. एका ज्येष्ठांनी माझ्या एका लेखावर समासात फक्त ‘कशावरून?’ असं लिहून पाठवलं होतं. ना शिवी, ना कौतुक. त्या एका शब्दापायी मी दोन दिवस ग्रंथालयात बसलो आणि शेवटी ते वाक्यच काढून टाकलं. तो ‘कशावरून?’ अजून माझ्या टेबलावर आहे. तुमच्या गटात ही पद्धत सुरू करता आली तर बघा. कुणीही पक्ष्याचं नाव टाकलं की खाली एकच शब्द : कशावरून? अण्णांनाही.

हेही खरं की दर वेळी असं लोणी लावत बसायला वेळ नसतो. सकाळी सातला चाळीस फोटो येतात, त्यांतले पंधरा चुकीचे. अण्णा निवृत्त असले तरी त्यांच्या दिवसालाही चोवीसच तास आहेत. कधीमधी नुसतं ‘चूक’ आलं तर ते पचवायला हवं. चांगल्या वैद्याचं औषध कडू म्हणून आपण वाटी फेकत नाही. मात्र वाटी त्यानं तोंडावर फेकू नये, एवढं तर म्हणता येईल.

गट सोडू नका. निदान एवढ्यात नाही. आज संध्याकाळी गटात लिहा : ‘अण्णा, बरोबर आहे, डोक्यावर ठिपके आहेत. रानपिंगळ्याचं डोकं कोरं असतं ना? येत्या रविवारी पालला येता का सोबत?’ यात तुम्ही चूक मान्य केलीत, ती का चूक ते सगळ्या गटाला सांगितलंत, म्हणजे अंगठेवाल्यांचीही शिकवणी झाली, आणि अण्णांना फोनवरून उठवून रानात नेलंत, जिथे त्यांची भाषा पूर्ण येते. गाडीत त्यांना पुढे बसवा. सावद्याच्या पुढे कुठेतरी चहा होईल, बहुधा पैसे तेच देतील.

रानात पोचल्यावर उन्हं वर यायच्या आत सागाच्या निष्पर्ण, उघड्या फांद्या बघा. पिंगळा दिसला की आधी डोकं. कोरं असलं तर छातीकडे या, सलग तपकिरी पट्टा आहे का बघा, मग पोट, मग शेपटी. तोवर तुम्हीही बोलू नका आणि अण्णांनाही बोलू देऊ नका. पक्षी बुजतो.